तुम्ही तसा कौल दिला आहे

ईस्ट मेरियम, व्हरमाँट
१० एप्रिल

प्रिय मार्नी,

तुझं पत्र पोचलं. त्यातला राग पाकिटावरूनच कळत होता. पत्ता लिहिताना पेन इतकं दाबलंयस की आमचं नाव मागच्या बाजूनेही वाचता यावं. गावची शाळा बंद होणार ही बातमी तुला थेल्माच्या लेकीकडून कळावी आणि आईबापांनी चकार शब्द काढू नये, याला काय म्हणायचं, असं तू विचारलंयस. त्यातून बाबा स्वतः गावसभेचे सभापती. बरोबर आहे तुझं. फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "अगं, बहुमत झालं, दुसरं काय" म्हणून विषय बदलला, कारण बाबा समोरच बसले होते. आज ते शेजारच्या शेडमध्ये मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक उकळायला मदत करतायत, म्हणजे बिचाऱ्या शेजाऱ्याला व्याख्यान देतायत, म्हणून मला थोडी उसंत मिळाली आहे. सगळं सांगते. मध्ये थांबवू नकोस. पत्रात थांबवता येतही नाही म्हणा.

आधी हवापाणी, नाहीतर म्हणशील आई ख्यालीखुशाली लिहायची विसरली. बर्फ उतरलं आणि रस्त्याची नुसती लापशी झाली. टपालवाली बाई गाडी खाली पुलापाशी ठेवून चालत वर येते आणि मला ऐकू जाईल अशा बेताने गावाच्या कारभाराला शिव्या देते. मेपलचा रस यंदा उशिरा सुटला, पण सुटला तो धो धो. माझा गुडघा आहे तसाच आहे. मांजरीला चार पिल्लं झाली आणि चौथं थेल्माने नेलं. आमच्या गावच्या चिटणीसबाईंच्या घरी आता माणसांपेक्षा मांजरं जास्त झाली आहेत, पण सभेचं इतिवृत्त अजूनही तिच्याइतकं चोख कोणी लिहीत नाही.

नाताळात तू मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतंस, बाबा बरे आहेत ना गं, आणि मी म्हटलं होतं, वय झालंय. वय झालंच आहे, ते काही खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी पानगळीत मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं, ते तुला सांगितलं नाही. डॉक्टरीण तरुण पोरगी. तिने ठरलेले प्रश्न विचारले, आज वार कोणता, हे राज्य कोणतं, आणि सध्या राष्ट्राध्यक्ष कोण आहेत. बाबा म्हणाले, "तेच तर विसरायचा प्रयत्न करतोय." ती पोरगी पोट धरधरून हसली आणि बरोबरची खूण करून मोकळी झाली. मीही हसले. परत येताना गाडीत ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. मग म्हणाले, "व्हर्ना, खरंच कोण आहे गं सध्या?" मी नाव सांगितलं. "नक्की ना?" एवढंच म्हणाले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या माणसाने जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, तो हे विचारत होता. त्या दिवशी मी गाडी पुलापाशी थांबवून थोडी रडले आणि त्यांना सांगितलं की चष्म्यात काहीतरी गेलंय.

तू त्यांच्या वर्गात बसायचीस तेव्हा तुला किती लाज वाटायची, आठवतं? आपलेच बाबा, हातात लाकडी हातोडा, आणि पोरांना "सन्माननीय सदस्य" म्हणणार. गृहपाठ द्यायचा की नाही यावर ते दर शुक्रवारी आवाजी मतदान घ्यायचे. वर्ग एका सुरात "नाही" म्हणून बोंबलायचा आणि ते शांतपणे जाहीर करायचे, "होकारांचं बहुमत आहे, आणि तुम्ही तसा कौल दिला आहे." सरळ सरळ खोटं. मग हातोडा आपटायचे आणि वाट बघायचे. कधी कधी दोन-तीन आठवडे गृहपाठ करून पोरं कंटाळायची, तेव्हा कुणीतरी धीर करून उभं राहायचं आणि म्हणायचं, "सभापती महोदय, मला कौलाबद्दल शंका आहे." की झालं! बाबांचा चेहरा असा फुलायचा की बस. "एक माणूस पुरतो!" म्हणायचे. "सभापती चुकेल, लबाडी करेल, झोपा काढेल. एका नागरिकाने उठून शंका आहे म्हटलं की त्याला सगळ्यांना उभं करून डोकी मोजावीच लागतात. पण पुढचा ठराव पुकारायच्या आत उठायचं. नंतर देव आला तरी उपयोग नाही." या गावात चाळिशी उलटलेला प्रत्येक जण हा धडा शिकलाय. तूसुद्धा एकदा उठली होतीस. घरी येऊन मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, जणू तो हातोडा मी घेऊन दिला होता.

आता मारिबेलबद्दल सांगायला हवं, कारण तू तिला ओळखत नाहीस. गॅरेजवाल्या शेल्डनची बायको, इक्वेडोरची. खाली चीजच्या कारखान्यात हिशेब बघते, दोन मुली आपल्या शाळेत आहेत. त्यांनी घर घेतलं तेच मुळी शाळेसमोर, पोरींना हाक मारली तर ऐकू जाईल अशा अंतरावर. दोन वर्षांपूर्वी तिला नागरिकत्वाची परीक्षा द्यायची होती. त्या शंभर प्रश्नांची तयारी बाबांनी आपल्या जेवणाच्या टेबलावर करून घेतली. सिनेटर किती, न्यायालयाचं काम काय, संविधानाचे पहिले शब्द कोणते. मी पलीकडे बटाटे सोलायची आणि ऐकायची. तेव्हाच सुरुवात झाली होती, आता कळतं. एकाच बैठकीत तोच प्रश्न ते चार-चारदा विचारायचे, आणि ती पोर प्रत्येक वेळी नव्याने विचार करून उत्तर द्यायची. एकदा मी तिला दाराशी थांबवून माफी मागितली, तर म्हणाली, "असू दे हो, मिसेस टटल, मला वाटलं परीक्षा घेणाऱ्या साहेबासमोर माणूस गडबडतो, म्हणून सर तयारी पक्की करून घेतायत." तिला खरं काय ते ठाऊक होतं. मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली. पास झाली तेव्हा तिने केळ्यांचं काहीतरी गोड करून आणलं आणि बाबांनी तिला उभं करून सांगितलं, आता तू या देशाची मालकीण आहेस, गावसभेला आली नाहीस तर खबरदार.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सभा होती. आदल्या रविवारी गावपंचांचा प्रमुख ड्वाइट आमच्याकडे आला. तू ओळखतेस त्याला, तुझ्या पुढच्या वर्गातला, मोठ्या कानांचा. शाळा बंद करून पोरांना डोंगरापलीकडच्या शाळेत पाठवावं हा ठराव त्यानेच आणलेला, कारण पोरं कमी, कर भरमसाट, आणि म्हाताऱ्यांना तो झेपत नाही. वाईट माणूस नाही तो. दारात टोपी फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, "व्हर्नाबाई, यंदा सरांना... म्हणजे... दगदग होईल का?" मी म्हटलं, "तूच विचार की त्यांना. आहेत आत." तो आत गेला, बाबांनी त्याला तासभर बसवून सभेचे नियम समजावले, आणि तो "येतो सर" म्हणून निघून गेला. गावात प्रत्येकाला वाटलं दुसरं कोणीतरी बोलेल. मंगळवारी थेल्माने पहिला विषय पुकारला, सभापतीची निवड. कोणीतरी टटलसरांचं नाव घेतलं, दुसऱ्या कोणाचं नाव आलं नाही, आणि अख्खं सभागृह "होय" म्हणून गरजलं. त्या गर्जनेत माया होती, मार्नी. मायाच नडली आम्हाला.

आणि सुरुवात काय झोकात केली त्यांनी! रस्तेदुरुस्ती, बर्फ ढकलायची नवी गाडी, स्मशानाचं कुंपण, सगळं भराभर. कोण बोलतंय, कोणाची पाळी, कोणी विषय सोडून भरकटलाय, काही सुटलं नाही. बायका विणकाम करत होत्या, मागे बीन्सची पातेली तापत होती, आणि मी मनात म्हटलं, बघ, उगीच घाबरलीस. मग शाळेचा ठराव आला. ‘शाळा येत्या उन्हाळ्यापासून बंद करावी का?’ ‘होय’ म्हणजे बंद, ‘नाही’ म्हणजे चालू. दोन तास चर्चा झाली. ड्वाइट आकडे बोलला. मारिबेल बोलली, थोडी अडखळत, की बस घाटातून जाते आणि तिची धाकटी सहा वर्षांची आहे. शेवटी बाबांनी मत पुकारलं. ‘होय’वाल्यांचा आवाज यथातथाच, पुढच्या दोन-तीन रांगांतला. ‘नाही’ मात्र असं आलं की खिडक्या थरथरल्या. माझ्या डाव्या कानाला काही ऐकू येत नाही, तरी मला कळलं. बाबांनी हातोडा उचलला, खुशीत माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "होकारांचं बहुमत आहे, आणि तुम्ही तसा कौल दिला आहे."

एक क्षण, फक्त एकच क्षण, सगळ्यांना वाटलं की सर थट्टा करतायत. शुक्रवारचा वर्ग घेतायत. काही जण हसलेसुद्धा. मग ते हसू विरलं, कारण बाबांच्या चेहऱ्यावर वाट बघणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात प्रश्न उलटा झाला होता. ‘होय’ म्हणजे शाळेला होय, शाळेच्या बाजूचा तो मोठा आवाज म्हणजे होकार, आणि त्यांच्या लेखी शाळा वाचली होती. ड्वाइटचं तोंड उघडंच राहिलं, जिंकल्याचा मागमूस नाही. थेल्माचं पेन हवेत थांबलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना काय म्हणायचं ते तोंडपाठ होतं, बाबांनीच पाठ करून घेतलेलं. पण ते चार शब्द म्हणणं म्हणजे भर सभेत, त्यांच्या तोंडावर, सर तुमचं डोकं चालत नाही असं सांगणं. कोणी बुटाकडे बघत होतं, कोणी विणकामाचे टाके मोजत होतं. बाबांनी कागद उलटला आणि पुढच्या ठरावासाठी चष्मा नीट केला.

तेव्हा मारिबेल उठली. खुर्ची वाजली तशा सगळ्या माना वळल्या. "सभापती महोदय," ती म्हणाली. बाबांनी वर पाहिलं आणि अगं, काय सांगू, त्यांचा तो शुक्रवारचा चेहरा! तसाच फुललेला. म्हणाले, "शांतता राखा. आपल्या गावच्या सगळ्यात नव्या नागरिक बोलतायत. हिला मी शिकवलंय. बोला, मॅडम." तिचे ओठ हलले, शब्द तिथेच होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून समोर दिसणाऱ्या शाळेकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि म्हणाली, "मला फक्त तुमचे आभार मानायचे होते, सर." कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळे उभे राहिले. एवढा टाळ्यांचा कडकडाट त्या सभागृहात मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि लोक रडत होते, आणि मीही उभी राहून टाळ्या वाजवत होते. बाबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि पुढचा ठराव पुकारला. तिथे संपलं.

जेवणाच्या वेळी त्यांनी बीन्स दोनदा घेतले. मला म्हणाले, "वाचली बघ शाळा. मी नेहमी म्हणतो, गाव ऐन वेळी शहाणपणाने वागतं." पाठीवर थाप मारायला लोक येत होते आणि कोणीही काही बोलत नव्हतं.

कायद्याने अजून एक वाट होती. तीस दिवसांत थोड्या मतदारांच्या सह्यांचा अर्ज दिला की पुन्हा सभा बोलावता येते. खरं सांगू, अर्ज घेऊन कोण आलं असेल? ड्वाइट. स्वतःचा ठराव मंजूर झालेला, आणि तो उलटवायचा अर्ज घेऊन माझ्या दारात. "मला हे असं नको होतं," म्हणाला. "तुम्ही पहिली सही करा, मग गाव करेल. तुमच्याआधी कोणी करणार नाही." मी म्हटलं, "आणि सभापती कोण असेल त्या सभेत?" तो टोपी फिरवू लागला, कारण निवड वर्षभराची असते. त्यांना खुर्चीवर बसवायचं तर पुन्हा काय होईल सांगता येत नाही, आणि बसवायचं नाही तर कारण द्यावं लागेल. तरी मी अर्ज ठेवून घेतला. त्या दोन पोरींसाठी ठेवून घेतला.

आणि मी एकदा प्रयत्न केला. दुपारी कॉफी घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऑरिन, समज, सभापतीने कौल चुकीचा सांगितला, मुद्दाम नाही, चुकून, तर रे?" क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "तर सभेतून कोणीतरी उठतंच. त्याचसाठी तर सभा असते, वेडे." मी म्हटलं, "आणि कोणीच उठलं नाही तर?" ते हसले. "दुसऱ्या गावात होईलही तसं. इथे मी शिकवलंय." मग त्यांनी माझ्या बशीतला शेवटचा बिस्किटाचा तुकडा पळवला आणि पेपर वाचायला घेतला. मी तो अर्ज चुलीत घातला असता तर बरं झालं असतं, पण मी तो चांगला घडी करून ड्वाइटला परत दिला, कोऱ्याचा कोरा. त्यांची चूक त्यांना सांगणं मला जमलं असतं, मार्नी. पन्नास वर्षं त्यांच्या चुकाच सांगत आले आहे. पण त्यांनी जन्मभर शिकवलेली ती सगळी माणसं, त्यातलं एकही उठलं नाही, हे कसं सांगू? मुदत गेल्या आठवड्यात संपली.

मारिबेलच्या दारात काल घर विकायची पाटी लागली. कारखान्यातलं काम ती पलीकडल्या गावातूनही करू शकते, शेल्डन गॅरेजचं काय करणार देव जाणे. मी केक घेऊन गेले होते, हातात द्यायला काहीतरी हवं म्हणून. ती खोकी भरत होती. मला म्हणाली, "मी उठले होते हो, मिसेस टटल. पण त्यांनी असं बघितलं माझ्याकडे! माझ्या वडिलांनीसुद्धा कधी असं बघितलं नाही. त्या शंभर प्रश्नांत हा नव्हता." मी तिला जवळ घेतलं. मग तिच्याबरोबर एक खोकं भरलं. शाळा जाईल. तिच्या मागोमाग आणखी दोन-तीन घरं जातील. पुढच्या मार्चला गावसभेत म्हातारेच उरतील आणि मग तीही कोणी भरवणार नाही. रागवायला कोणी सापडलं तर मला कळव, मी शोधून दमले.

एवढं सगळं मी आपणहून लिहिलं असतं का, कोण जाणे. आज सकाळी शेडकडे निघताना बाबा दारात थबकले आणि माझ्यावरच उखडले: "मार्नीला अजून कळवलं नाहीस? पोरगी त्या शाळेत शिकली, तिला किती आनंद होईल! आज लिही, शाळा वाचली म्हणून, आणि आल्यावर मला वाचून दाखव." म्हणून ही मी लिहायला बसले. आता पायरीवर त्यांच्या बुटांचा चिखल झाडल्याचा आवाज येतोय. ते आले की मी हेच कागद हातात धरून त्यांना दुसरंच पत्र वाचून दाखवीन: प्रिय मार्नी, आनंदाची बातमी, गावाने शाळा राखली, तुझे बाबा सभापती होते आणि सभेने उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ते डोळे मिटून ऐकतील, एखादा शब्द बदलायला लावतील, आणि उद्यापासून तुझ्या उत्तराची वाट बघतील. तेव्हा लेकी, उत्तर त्या पत्राला दे. या पत्राला देऊ नकोस.

तुझीच, आणि ते मला ओळखतायत तोवर त्यांचीही,
आई